कोंडाण्याचा धबधबा : कष्टकऱ्यांचा एक रविवार

रविवारची सुट्टी आपल्याला कोणी सहजासहजी दिलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात पगारी रजेचा कायदा १९४५ साली झाला, आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारा कायदा १९४६ साली झाला.

म्हणजे विश्रांती ही श्रीमंतांनी टाकलेली भीक नव्हे, ती आपल्या माणसांनी लढून मिळवलेली कमाई आहे. पण या कमाईचे आपण काय करतो? आमच्या वस्तीत पाहावे तर पुरुषमंडळी दुपारपर्यंत झोपतात, नाहीतर कोपऱ्यावर पत्ते कुटतात. पोरे मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. बायकांचा रविवार तर इतर दिवसांपेक्षा जड. आठवड्याचे धुणे, दळण, पाहुणे, मटण. संध्याकाळी विचारावे तर प्रत्येक जण म्हणतो, “सुट्टी गेली, पण थकवा गेला नाही.”

कुठे तरी बाहेर जाऊ म्हटले की ठरलेले उत्तर येते : “डोंगर, धबधबे हे पैसेवाल्यांचे काम. आपल्याला कुठे परवडते?” हा समज खोटा आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या नऊ घरांतली अठ्ठावीस माणसे कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांवर आणि तिथल्या धबधब्यावर एका दिवसात जाऊन आली. त्यांत गोदामातले हमाल होते, रिक्षावाले होते, महापालिकेच्या सफाई खात्यातले होते, घरकाम करणाऱ्या भगिनी होत्या. सगळा खर्च माणशी दीडशे रुपयांच्या आत बसला. आम्ही पडलो कारकून, तेव्हा हिशेब चोख ठेवला होता. लोकलचे जाण्या-येण्याचे तिकीट, शेअर रिक्षा आणि दोन वेळचा चहा. जेवण घरचे.

वाट कशी आहे

कर्जत हे मध्य रेल्वेवरचे स्टेशन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. कल्याणहून निघालात तर अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करीत तासाभरात कर्जत येते. स्टेशनाबाहेरून कोंदिवडे गावाकडे शेअर रिक्षा मिळतात. हे अंतर आठ-दहा किलोमीटरचे आहे. तिथून पुढे पायवाट. भाताची खाचरे मागे पडली की झाडी सुरू होते, ओढे लागतात आणि चढ लागतो. रमतगमत, मुलाबाळांना घेऊन गेले तरी दीड-दोन तासांत लेणी येतात. हीच वाट पुढे राजमाची किल्ल्यावर जाते. पण तो चढ दमछाक करणारा आहे. बायकामुलांसह एका दिवसात परतायचे असेल तर लेण्यांवरून मागे फिरावे, हे उत्तम.

लेणी डोंगराच्या पोटात आहेत आणि पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी थेट लेण्यांच्या समोर कोसळते. आत उभे राहून बाहेर पाहिले तर चैत्याच्या दारावर पाण्याचा पडदा सोडल्यासारखे दिसते.

हे धबधबे होतात कसे, हे मुलांनी विचारले. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, टणक थर तसाच राहतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात आणि मोकळे होतात. मग प्रत्येक पायरीवरून पाणी उडी घेते. चार महिन्यांनी पाऊस संपला की कोंडाण्याची ती धार हळूहळू आटत जाते.

हे पाणी जाते कुठे? खाली उल्हास नदीत. ती कर्जत, नेरळ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशी वाहत खाडीला मिळते. वाटेत या शहरांसाठी तिचे पाणी उचलले जाते. आमच्या वस्तीतल्या नळाला जे पाणी येते त्यात याच डोंगरांचे पाणी आहे, हे ऐकून एक सातवीतली मुलगी म्हणाली, “म्हणजे आपण आज नळाच्या वरच्या टोकाला आलोय!” आम्हाला हे बोलणे फार आवडले.

बलकाचे काम

कोंडाण्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानली जातात. एक चैत्यगृह, त्याला लागून भिक्खूंसाठी विहार आणि पुढे लहान-मोठ्या खोल्या. चैत्यगृह सुमारे साठ-पासष्ट फूट लांब आणि अठ्ठावीस फूट उंच आहे. त्याची कमान, सज्जे, जाळ्या या सगळ्यांत लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली आहे. बोरघाटातून कोकणचा व्यापार वर देशावर जात असे, त्या वाटांच्या आसपासच कार्ले, भाजे, बेडसे आणि कोंडाणे ही लेणी आहेत.

आमच्याबरोबर एक गवंडी होते. ते बराच वेळ कमानीकडे मान वर करून पाहत राहिले. लेणे वरून खाली कोरीत आणतात, आधी छत आणि शेवटी जमीन, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “वीट चुकली तर काढून दुसरी बसवतो. इथं एक छिन्नी चुकली तर डोंगर परत कुठून आणणार?” त्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताला जे कळले ते आम्हाला पुस्तक वाचून कळले नसते.

चैत्याच्या दर्शनी बाजूला, डाव्या अंगाला, एका मोठ्या भग्न मूर्तीचे मस्तक आहे आणि जवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ असा की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. राजांची, सावकारांची नावे दगडावर पुष्कळ सापडतात. काम करणाराचे नाव क्वचित राहते. इथे ते दोन हजार वर्षे टिकले आहे. बलक आणि त्याचा गुरू कण्ह, दोघांचीही. आम्ही मुलांना तो लेख दाखवला आणि सांगितले की यावर हात फिरवू नका, खडूने रेघा मारू नका. हे संरक्षित स्मारक आहे. आपलीच नावे कोरून ठेवणारांनी सगळ्या लेण्यांच्या भिंती विद्रूप केल्या आहेत. त्यांत आपली भर नको.

धबधब्याने लेण्याला शोभा आणली आहे, पण त्याच ओलाव्याने त्याचे नुकसानही केले आहे. चैत्यातल्या खांबांचे खालचे भाग झिजून गेले आहेत, स्तूपाचा पाया खराब झाला आहे. तरीही स्तूप उभा आहे. सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले. पाण्याच्या आवाजात आमचे आवाज बुडून जात होते, तरी कोणी घाई केली नाही. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू एका जागी राहून वर्षावास करीत. हाच पाऊस, हाच आवाज ऐकत ते इथे राहिले असतील. आपल्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचन चालते, ते ऐकणाऱ्या मुलांनी एकदा तरी असे ठिकाण पाहावे.

मावशींचे बोलणे

आमच्यात पासष्टीच्या एक मावशी होत्या. मराठवाड्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या. चाळीस वर्षे चार घरची धुणीभांडी केली. चढताना दोन नातवांनी त्यांना आधार दिला. वर आल्यावर त्या धबधब्याच्या कडेला, जिथे फक्त तुषार येत होते, तिथे हात पुढे करून उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या म्हणून त्यांच्या सुनेने विचारले, “आत्याबाई, काय झालं?”

मावशी म्हणाल्या, “काही नाही गं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. गावच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते. कडेला बसायचं, ओंजळ पुढं करायची, आणि कोणी तरी येऊन वरून पाणी ओतील याची वाट बघायची. सकाळी गेलेली मी एकदा दुपारपर्यंत बसले होते. आज पण वरूनच पडतंय. पण ओतणारं कोणी नाही, आणि हात मागं घे म्हणणारं पण कोणी नाही.”

तिथे उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणी काही बोलले नाही. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ती पोरे दरवर्षी २० मार्चला भाषणात ऐकतात. पण त्याला पंचेचाळीस वर्षे झाल्यावरही एक मुलगी विहिरीच्या कडेला ओंजळ करून बसली होती, आणि ती आपल्याच घरातली आजी आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. आम्हाला वाटते, सहलीचा खर्च इथेच वसूल झाला.

पाणी कोणाचे ऐकत नाही

परंतु वाचकहो, पाणी जितके सुंदर तितकेच बेभरवशाचे. हे न सांगता आम्ही तुम्हाला धबधब्यावर पाठवले तर ते पाप आमच्या माथी येईल. ३० जून २०२४ रोजी, रविवारच्याच दिवशी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाएकी लोंढा आला आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. सहलीलाच आलेली, आपल्यासारखीच माणसे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान रेल्वेचा मार्ग बुडवला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. बोटी आणून माणसे बाहेर काढावी लागली. ही तीच नदी.

आमच्यावरही त्या दिवशी वेळ आली. सकाळी जाताना जो ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला, तो दुपारी दोनला परतताना मातकट होऊन गुडघ्याच्या वर चढला होता. आम्ही होतो तिथे पाऊस थांबला होता. पण वर डोंगरात कोसळत होता. दोन-तीन तरुण म्हणाले, “हात धरून साखळी करू आणि जाऊ. नाहीतर गाडी चुकेल.” त्यांतला एक वॉचमन होता. रात्री आठला त्याची बारा तासांची पाळी सुरू होणार होती, गैरहजर राहिला तर दिवसाचा पगार जाणार होता. त्याची घाई खोटी नव्हती.

तेवढ्यात डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक ठाकर गृहस्थ गुरे घेऊन आले. त्यांची गुरेही अलीकडेच थांबली. ते म्हणाले, “दादा, आत्ता जाऊ नका. तिकडं मधे एक पाटासारखा दगड हाय, सकाळी तुम्ही त्याच्यावर पाय देऊन आला असाल. तो दिसायला लागला की निघा. त्याच्या आधी नाय.” आम्ही त्या वॉचमनला सांगितले, “तुमचा आजचा पगार आपण वर्गणी काढून भरू. पण कोणी पाण्यात पाय घालायचा नाही.” तो गप्प बसला. दीड तास अठ्ठावीस माणसे पावसात बसून राहिली. मुलांनी भेंड्या लावल्या. बायकांनी उरलेल्या भाकऱ्या, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे वाटले. त्या ठाकर दादांनाही दिले. पावणेचारला पाणी ओसरले, दगडाची पाठ दिसली, आणि एकेकाला मोजून आम्ही पलीकडे गेलो. वॉचमन पाऊण तास उशिरा पाळीवर पोचला. त्याचा अर्धा दिवस कापला गेला. ती रक्कम नऊ घरांनी दुसऱ्याच दिवशी जमा करून त्याच्या हाती दिली. प्रत्येक घराला चाळीस रुपयेसुद्धा आले नाहीत.

चाळीस रुपये आणि दीड तास. घाई न करण्याची किंमत एवढीच असते.

निघण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदीचा आदेश काढते. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. बंदी असेल किंवा हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल तर सहल पुढच्या रविवारी न्यावी. डोंगर कुठे पळून जात नाही.

पहाटेची गाडी धरावी आणि दुपारी एकच्या आत परत फिरावे. सकाळी ओढा ओलांडताना एखादा दगड खूण म्हणून लक्षात ठेवावा. परतताना तो बुडालेला दिसला तर थांबावे. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, वरच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज वाढला, तर सामान सोडून लगेच उंच जागी जावे. पाण्याने दोन तट पडले तर जो ज्या बाजूला आहे त्याने त्याच बाजूला थांबावे.

मुख्य धारेखाली उभे राहू नये. वरून पाण्याबरोबर दगड येतात. धबधब्याच्या डोक्यावर फोटो काढायला चढू नये. शेवाळलेल्या खडकावर रबरी स्लीपर म्हणजे पाय मोडून घेणे; पकड असलेले बूट घालावेत, नवे नसले तरी चालतील. पिंडरीच्या वर पाणी असेल तर मुलांना घेऊन ओलांडू नये.

दर दहा माणसांमागे एक जाणती व्यक्ती नेमावी. तिने निघताना, पोचताना आणि परतताना माणसे मोजावीत. कोरडे कपडे, औषधे आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. अडचण आली तर ११२ या क्रमांकावर फोन करावा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, चावलेला भाग कापू किंवा आवळून बांधू नये. माणसाला चालू न देता उचलून कर्जतच्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची : दारू नाही. पंचशील घेऊन आलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण सांगतो. वाहत्या पाण्याशेजारी प्यायलेला माणूस स्वतः बुडतो आणि त्याला काढायला गेलेल्यालाही बुडवतो.

या वाटेवर ठाकर, कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. त्यांच्या अंगणातून जाताना गोंगाट करू नये. त्यांच्याकडून काकड्या, कर्टोली, चहा घ्यावा आणि घासाघीस करू नये. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. आमच्या मुलांनी येताना दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही उचलून आणल्या. शहरात आयुष्यभर दुसऱ्यांचा कचरा आपणच उचलतो, मग इथेही का, असे एकाने विचारले. त्याला सफाई खात्यातल्या एका भगिनीने उत्तर दिले, “तिथं पगारासाठी उचलते. इथं हे पाणी माझ्या नळाला येणार म्हणून उचलते.”

महिला मंडळांनी पुढाकार घ्यावा

आमची सूचना अशी की प्रत्येक वस्तीतल्या महिला मंडळाने जूनपासून घरटी आठवड्याला दहा रुपये बाजूला टाकावेत. ऑगस्टपर्यंत घरातल्या एका माणसाचा जवळजवळ सगळा खर्च निघतो. ऑगस्टच्या अखेरीस पावसाचा जोर थोडा कमी होतो, धबधबे मात्र भरलेले असतात. नवख्यांना तो काळ बरा. त्या दिवशीचा स्वयंपाक आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून करावा, पुरुषांनी भाकऱ्या थापल्या नाहीत तरी ठेचा कुटायला आणि डबे भरायला हरकत नाही. नाहीतर रविवारी फिरायला जायचे आणि बायकांनी पहाटे तीनला उठून राबायचे, याला सहल म्हणता येणार नाही.

ज्यांना रविवारीही सुट्टी मिळत नाही, अशी माणसे आपल्या वस्त्यांत आज पुष्कळ आहेत. वॉचमन, गोदाम कामगार, माल पोचवणारी पोरे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार त्यांच्यापर्यंत अजून आलेला नाही. सहलीची यादी करताना त्यांची नावे आधी लिहा, त्यांची सुट्टी कोणत्या वारी आहे ते विचारा आणि तोच वार ठरवा. एका वस्तीने एवढे केले तरी पुष्कळ झाले.